गोचांगची बोकबुंजा: फळ डोळे झाकून घ्या, वाइन लेबल वाचून घ्या

आधी निकाल सांगतो, मग सविस्तर. बोकबुंजा म्हणजे कोरियातली काळी रानबेरी, रास्पबेरीच्या कुळातली, आणि तिचं ताजं किंवा फ्रोझन फळ मिळालं तर डोळे झाकून घ्या, पैसे वसूल. तिची वाइन म्हणजे बोकबुंजाजू, ती लेबल वाचून घेतली तर फार सुंदर लागते आणि न वाचता घेतली तर नुसती गोड आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरणारी. आणि तिच्या औषधी गुणांचा जो गाजावाजा चालतो त्यासाठी जास्तीचा एकही वॉन मोजू नका. परंपरा म्हणून ऐका, समजून घ्या, कारण ती खरंच जुनी आणि इंटरेस्टिंग आहे, पण बाटलीची किंमत त्याच्यावर ठरवू नका. हे सगळं कोरियात राहणाऱ्या आणि फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय कारण मराठीत यावर मला कुठेच काही वाचायला मिळालं नाही आणि जून आला की कोणी ना कोणी विचारतंच की ते काळं फळ काय असतं आणि ती लाल वाइन घरी न्यायला कशी आहे.

आम्ही सोलजवळ सुवॉनला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून आले होते, जून संपत आला होता, तेव्हा सगळे मिळून गाडीने गोचांगला गेलो. गोचांग म्हणजे कोरियाच्या नैऋत्येला जॉन्बुक प्रांतात, पिवळ्या समुद्राच्या काठी, आपल्याकडचा एखादा तालुका असतो तेवढं. लाल माती, बुटक्या टेकड्या, समुद्रावरून येणारा दमट वारा. बोकबुंजा म्हटलं की कोरियन माणसाच्या तोंडी पहिलं नाव याच गावाचं येतं. कोरियात शेतमालाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिला नंबर बोसॉंगच्या ग्रीन टीचा, दुसरा हादोंगच्या ग्रीन टीचा आणि तिसरा गोचांगच्या बोकबुंजाजूचा, फळाचा नाही तर थेट वाइनचा, यावरून कळेल की ही वाइन इथे किती मानाची आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आपल्याकडे जो टॅग आहे तसाच हा.

आता फळाबद्दल, कारण खरी मजा तिथेच आहे आणि बहुतेक पर्यटक ते न खाताच नुसती बाटली घेऊन परत येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सीझन अगदी छोटा, जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, तेही पाऊस लवकर आला तर आणखी कमी. फळ आधी हिरवं, मग लाल, मग काळं होतं, आणि एकाच घोसात तिन्ही रंग एकदम दिसतात. लाल असताना तोडलं तर ते नंतर घरात पिकत नाही, झाडावरच काळं व्हावं लागतं, म्हणून शेतकरी त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा जातात आणि सगळं हाताने तोडतात, वाकड्या काट्यांमधून, बाह्या गुंडाळून ठेवायची सोय नाही. पूर्ण पिकलेलं फळ बोट लागताच सुटून हातात येतं आणि त्याचा पांढरा गाभा झाडावरच राहतो, म्हणजे फळ आतून पोकळ. ही ओळख लक्षात ठेवा, ब्लॅकबेरीचा गाभा फळासोबत येतो, रास्पबेरी आणि बोकबुंजाचा येत नाही. दुकानात डब्यावर काहीही लिहिलेलं असू दे, फळ उलटं करून बघितलं की कळतं.

चव सांगायची तर पहिल्यांदा गोड, लगेच मागून आंबट आणि शेवटी जिभेवर किंचित तुरटपणा आणि एक दारूसारखा वास, जो साध्या लाल रास्पबेरीला नसतो. बिया मात्र आहेत आणि भरपूर आहेत, बारीक, कडक, दाताच्या फटीत बसणाऱ्या, ज्यांना बियांचा त्रास आहे त्यांनी रस किंवा सिरप घ्यावं. खाल्ल्यावर जीभ आणि ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे होतात, शर्टावर सांडलं तर लगेच साबण लावू नका कारण हा रंग अँथोसायनिनचा असतो, आंबटात लाल आणि साबणाच्या पाण्यात निळा-जांभळा होतो, आधी गार पाणी आणि थोडं व्हिनेगर, मग साबण. बाबांनी पहिला दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, अरे ही तर आपली महाबळेश्वरची रास्पबेरी, फक्त काळी. आणि ते बरोबरच आहे, दोन्ही रुबस वंशातल्याच.

गोंधळ होतो तो ओदीबरोबर. ओदी म्हणजे आपली तुती, तीसुद्धा याच दिवसांत पिकते, तीही काळी, आणि गोचांगला लागूनच असलेलं बुआन हे तुतीसाठी प्रसिद्ध आहे, तिथे तुतीची वाइनही बनते. रस्त्याच्या कडेच्या स्टॉलवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. तुती लांबट, देठासकट, आंबटपणा जवळजवळ नाही. बोकबुंजा गोल, देठाशिवाय, आंबट. किमतीत बराच फरक असतो म्हणून नीट बघून घ्या. लाल रंगाची आणखी एक रानबेरी सान्तालगी नावाने मिळते, ती वेगळी, ती छानच लागते पण तिच्यातून ही वाइन होत नाही.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते आणि जी दुकानदार सांगत नाहीत. खरी कोरियन बोकबुंजा म्हणजे रुबस कोरियानस, कोरिया, चीन आणि जपानच्या डोंगरांत आपोआप वाढणारी. हिच्या फांद्यांवर पांढुरकी पावडर धरल्यासारखी दिसते, एका पानाला पाच ते सात छोट्या पाकळ्यांसारखी उपपानं, फूल गुलाबी. पण शेतात जी लावलेली असते ती बहुतेक ठिकाणी रुबस ऑक्सिडेंटालिस, म्हणजे मूळची उत्तर अमेरिकेची काळी रास्पबेरी, जी इथे येऊन रुळली आणि बोकबुंजा याच नावाने विकली जाते, संशोधकांनी डीएनए तपासून हे सांगितलेलं आहे. तिची पानं बहुतेक तीन-तीनची आणि फूल पांढरं. म्हणजे फुलं असताना, मे महिन्याच्या आसपास, कुठलाही माणूस नुसत्या रंगावरून ओळखू शकतो. शेतातली मोठी, रसाळ, गोड, जास्त उत्पन्न देणारी, म्हणून शेतकऱ्याने ती निवडली यात काही चूक नाही, त्याला घर चालवायचंय. पण रानातली दाण्याने लहान असते आणि चवीला जास्त आंबट आणि जास्त गडद, आणि मला विचाराल तर तीच जास्त आवडली. सॉनुनसान डोंगराच्या पायथ्याशी एका आजींकडे थोडीशी मिळाली, छोट्या वाटीभर, त्यांनी स्वतः डोंगरातून तोडून आणलेली, विकायला ठेवलेलीसुद्धा नव्हती, आईने हाताने खुणा करून मागितली म्हणून दिली आणि पैसे घेईनात. दोन्ही एकापाठोपाठ एक खाऊन बघितली तर फरक लगेच कळतो. रानातली बाजारात सहज मिळत नाही आणि मिळाली तरी तुटपुंजी, त्यामुळे शेतातली वाईट असं माझं म्हणणं नाही, फक्त बाटलीवर प्राचीन रानफळ वगैरे छापलेलं असतं तेव्हा आत काय आहे ते माहीत असावं.

खरेदीचं सांगतो. ताजं फळ इतकं मऊ असतं की सकाळी तोडलेलं संध्याकाळपर्यंत तळाशी रस सोडतं, त्यामुळे शेतकरी तोडून लगेच फ्रीज करतात आणि किलोच्या पिशव्या किंवा डबे करून कुरियरने पाठवतात. आम्ही घेतलं तेव्हा भाव किलोला पंधरा ते वीस हजार वॉनच्या मधे होता, हजार वॉनचे साधारण साठ रुपये धरा. फ्रोझन म्हणजे दुय्यम असं अजिबात समजू नका, उलट पूर्ण पिकल्यावर तोडलेलं असल्याने सुपरमार्केटातल्या ताज्या दिसणाऱ्या आणि अर्धवट लाल दाण्यांपेक्षा कितीतरी चांगलं. दाणे सुटे सुटे आणि काळे हवेत, बर्फाचा एकच लाल गोळा झालेला असेल तर ते एकदा वितळून पुन्हा गोठवलेलं आहे, घेऊ नका. आम्ही घट्ट दह्यात टाकून खातो, बायकोने एकदा चक्क्यात घालून श्रीखंड केलं, वेलची न घालता, आणि ते ऑफिसातल्या कोरियन लोकांनी मागून मागून खाल्लं.

आता वाइन. वाइन म्हटलं तरी द्राक्षाच्या वाइनची अपेक्षा ठेवून पिऊ नका. बोकबुंजाच्या फळात स्वतःची साखर द्राक्षापेक्षा बरीच कमी असते, जवळपास निम्मी म्हणा, आणि आंबटपणा जास्त, त्यामुळे नुसता रस आंबवला तर पाच-सहा टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल जात नाही आणि चव तोंड वाकडं करणारी. म्हणून आंबवताना साखर घालावीच लागते, ही भेसळ नाही, पद्धतच आहे. प्रश्न पुढे सुरू होतो. काही ठिकाणी फळ भरपूर घालून, साखर घालून, यीस्टने नीट आंबवून, गाळून, काही महिने मुरू देऊन वाइन करतात. आणि काही बाटल्यांमध्ये थोडं आंबवलेलं फळ, मग जुजॉंग म्हणजे शुद्ध स्पिरिट, मग पाणी, फ्रुक्टोज सिरप, सायट्रिक ॲसिड असं जमवून आणलेलं असतं. दोन्ही कायदेशीर, दोन्हीचा रंग लाल, दोन्हीवर फळाचा सुंदर फोटो. फरक फक्त मागच्या लेबलवर.

म्हणून मागचं लेबल वाचा. कोरियन येत नसेल तर फोनचा कॅमेरा ट्रान्सलेटर पुरतो. बघायचं काय, तर बोकबुंजाचं प्रमाण किती टक्के लिहिलंय आणि ते फळ गोचांगचं किंवा निदान कोरियाचं आहे का, कारण बाहेरून आणलेलं कॉन्सन्ट्रेटही वापरतात. मग यादीत जुजॉंग आहे का. आणि प्रकार काय लिहिलाय, ग्वाशिलजू म्हणजे फळांची वाइन असं असेल तर बरं, लिक्युअर असं असेल तर ती वेगळी वस्तू. एवढं बघितलं की दहापैकी आठ वेळा बाटली चांगली निघते. अल्कोहोल बाटलीप्रमाणे बदलतं, साधारण तेरा ते एकोणीस टक्क्यांमधे, म्हणजे ग्लासात सरबतासारखी दिसली तरी ती बिअर नाही, घरच्या मोठ्या माणसांना पहिल्यांदा देताना हे आधी सांगा.

मार्टमध्ये सगळीकडे दिसते ती बोहे कंपनीची बाटली, ती कंपनी शेजारच्या दक्षिण जॉल्ला प्रांतातली. पहिल्यांदा चव घ्यायची असेल तर तीही चालेल, गोड आहे, सरळ आहे, आठ-दहा हजार वॉनच्या आसपास छोटी बाटली येते. पण गोचांगपर्यंत गेलाच आहात तर तिथल्या छोट्या वायनरीची घ्या. आम्ही एका छोट्या वायनरीत गेलो, बाप आणि मुलगी मिळून चालवतात, त्यांची स्वतःची शेती, आणि त्यांनी एकाच वर्षीच्या फळाच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून चाखायला दिल्या, एक गोड आणि एक कमी गोड. कमी गोड म्हणजे ती ज्यात साखर जवळपास पूर्ण आंबवून टाकली आहे. ती प्यायल्यावर मला पहिल्यांदा कळलं की या फळाच्या वाइनला किती खोली असू शकते, आंबटपणा स्वच्छ, मधे तो तुरटपणा, आणि शेवटी फळाचा वास नाकात बराच वेळ राहतो. मुलगी म्हणाली की कोरियन गिऱ्हाईक अजून गोडच मागतं, विशेषतः भेट द्यायला, त्यामुळे कमी गोड ते अगदी थोड्या प्रमाणात बनवतात. किंमत मार्टच्या बाटलीच्या दुपटीच्या जवळ, पण मी पुन्हा घेईन आणि पुन्हा घेतलीही.

याच्या उलट अनुभवही सांगायला हवा. एका पर्यटन स्थळाजवळच्या गिफ्ट शॉपमध्ये लाकडी खोक्यातली, रेशमी कापडात गुंडाळलेली बाटली होती, भाव वायनरीपेक्षा जास्त, आणि दुकानदार सतत तब्येतीबद्दल बोलत होता, पुरुषांसाठी कशी चांगली, वयस्कर लोकांसाठी कशी चांगली, बाबांकडे बघून बघून. लेबल वाचलं तर बोकबुंजाचं प्रमाण मार्टच्या बाटलीपेक्षा कमी आणि सिरप यादीत वर. खोक्याचे पैसे होते ते. न घेता बाहेर पडलो.

प्यायची कशी, तर गार करून, फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटांनी, छोट्या ग्लासात. बर्फ टाकू नका, पातळ होऊन नुसतं साखरेचं पाणी लागतं. कोरियन तरुण मंडळी सोजू या इथल्या साध्या दारूत किंवा बिअरमध्ये मिसळतात, माक्कॉल्लीत म्हणजे तांदळाच्या पांढऱ्या दारूत थोडी ओतली तर सुंदर गुलाबी रंग येतो आणि तांदळाच्या आंबट चवीबरोबर ती जमतेही, गोड बाटली चुकून घरात आली असेल तर तिचा हा सगळ्यात चांगला उपयोग.

आणि जेवण. बोकबुंजाजूची खरी जोडी म्हणजे ईल, गोड्या पाण्यातली वाम म्हणा. सॉनुनसानजवळ एक ओढा समुद्राला मिळतो, भरतीचं खारं पाणी आत घुसतं, आणि त्या मचूळ पाण्यातली ईल पुंगचॉन जांगॉ म्हणून देशभर प्रसिद्ध. तिथल्या सॉनुनसा मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकामागोमाग एक ईलचीच हॉटेलं आहेत. आम्ही नदीच्या बाजूला खिडकी असलेल्या एका जुन्या हॉटेलात बसलो, नाव मुद्दाम देत नाही कारण सगळीकडे पद्धत सारखीच आहे आणि एकाच ठिकाणी गर्दी करण्यात अर्थ नाही. टेबलावर कोळशाची शेगडी, उघडून साफ केलेली लांब ईल त्यावर टाकतात, मावशी येऊन स्वतः उलटतात आणि कात्रीने बोटभर तुकडे करून उभे रचून ठेवतात म्हणजे बाजूही भाजल्या जातात. मीठ लावलेली किंवा तिखट-गोड मसाल्याची, दोन्ही मिळते. मीठवाली घ्या. चरबी इतकी असते की मसाला लावला तर सगळं सारखंच लागायला लागतं. तुकडा कॅन्निपच्या म्हणजे पेरिलाच्या सुवासिक पानात ठेवायचा, त्यावर आल्याचे बारीक काप, लसूण, थोडी चटणी, गुंडाळून एका घासात. आणि मग वाइनचा छोटा घोट. ईलची चरबी तोंडात पसरलेली असते आणि ती आंबट-तुरट वाइन ती सगळी धुऊन काढते, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा. ही जोडी लोक ताकदीसाठी म्हणून खातात हे खरं, पण मला वाटतं ती टिकली ती चवीमुळे, आंबट आणि स्निग्ध एकत्र आलं की जेवण पुढे सरकतं हे आपल्याला माशाच्या कालवणात कोकम घालणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

हॉटेलाचं म्हणाल तर सर्व्हिस एकदम आपुलकीची, बांचान म्हणजे बाजूच्या वाट्या दोनदा न मागता भरून दिल्या, शेवटी ईलच्या काट्यांचं गरम सूप. स्वच्छता चांगली. धुराचा वास कपड्यांना लागतो, तो लागणारच. एका माणसामागे फक्त ईलचेच पस्तीस-चाळीस हजार वॉन लागले, वाइन वेगळी, म्हणजे स्वस्त मुळीच नाही. महाग असण्याचं कारणही आहे, ईलची पिल्लं अजून व्यावसायिक प्रमाणावर पैदा करता येत नाहीत, समुद्रातून नदीकडे येणारी काचेसारखी पारदर्शक पिल्लं पकडून तलावात वाढवावी लागतात, आणि जपानी ईल ही जात आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. नदीतली रानटी ईल आता जवळपास मिळतच नाही, जे ताटात येतं ते वाढवलेलंच. त्यामुळे वर्षातून एखाद्या वेळी, मनापासून आणि वाया न घालवता खायची गोष्ट आहे ही, दर शनिवारची नाही. आम्ही चौघांत तीनच प्लेट घेतल्या आणि पुरल्या.

तीनच कारण आई शाकाहारी. तिच्यासाठी ईलच्या हॉटेलात भात, सूप सोडून काही खरं नाही, आणि सूपातही मासळी असते. पण सॉनुनसा मंदिराच्या दाराशी रानभाज्यांचा बिबिम्बाप म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात मिळतो, अंडं आणि मांस नको असं सांगितलं की काढून देतात, गोचुजांगमध्ये म्हणजे वरच्या लाल मिरचीच्या चटणीतही काही ठिकाणी मांस परतलेलं असतं ते विचारून घ्या. आधी तिथे आईचं जेवण करून मग आम्ही ईलकडे गेलो आणि तिथे आईने बोकबुंजाचं सरबत घेतलं, चॉंग म्हणजे साखरेत मुरवलेल्या फळाचं सिरप गार पाण्यात घालून. त्या दिवसातली आईची सगळ्यात आवडती गोष्ट तीच. आणि मंदिर नुसतं पोट भरायचं ठिकाण म्हणून सोडू नका, परंपरेने ते 577 सालचं मानतात, मागे कॅमेलियाची जुनी राई आहे, आणि डोंगर फक्त 336 मीटरचा असल्याने बाबांनाही झेपला.

औषधाबद्दल. इथे हॉटेलात, दुकानात, सगळीकडे एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगतात, की त्याने डोंगरात ही फळं खाल्ली आणि घरी आल्यावर त्याच्या लघवीच्या जोराने भांडंच उलटं झालं. त्यावरून ही पुरुषांच्या ताकदीची बेरी. पण गोष्ट बाजूला ठेवली तरी वैद्यकातली नोंद जुनी आहे, राजवैद्य हॉ जून यांच्या 1613 साली छापल्या गेलेल्या तोंगुई बोगाम या ग्रंथात बोकबुंजा आहे, मूत्रपिंडाची शक्ती, वंध्यत्व, डोळे, केस पांढरे न होणं अशा कामांसाठी. आणि इथे एक गंमत आहे, औषधात वापरतात ते काळं पिकलेलं गोड फळ नाहीच. हिरवं, कच्चं असताना तोडून वाळवलेलं फळ वापरतात, दिसायला राखाडी, चवीला तुरट. सोलमध्ये जेगीदोंग स्टेशनजवळच्या औषधी बाजारात पोत्यांनी दिसेल. म्हणजे वाइनच्या बाटलीवर ग्रंथाचा हवाला देणारे लोक दोन वेगळ्या वस्तूंची सरमिसळ करतात, ग्रंथातलं कच्चं वाळवलेलं आणि बाटलीतलं पिकलेलं आंबवलेलं. पाच बियांची म्हणून एक जुनी गोळी आहे, मूळ चिनी वैद्यकातली, तिच्यात गोजी, अमरवेलीच्या जातीचं बी, बोकबुंजा, ओमिजा ही लाल बेरी आणि पाचवं जे बी असतं ते आपल्या इसबगोलाच्याच वंशातल्या झाडाचं. हे समजल्यावर बाबांना एकदम जवळचं वाटायला लागलं, घरी रोज रात्री इसबगोल घेणारा माणूस.

आधुनिक अभ्यास आहेत, फळात अँथोसायनिन आणि एलॅजिक ॲसिड चांगलं असतं हे खरं, पण वाचायला जे मिळतं ते बहुतेक पेशींवरचं आणि उंदरांवरचं. तेवढ्यावर डायबिटीसवाल्या माणसाला रोज रात्री गोड वाइन पाजणं हा शुद्ध वेडेपणा आहे आणि मी तो ओळखीच्यात होताना बघितलाय म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय. शुगर असेल तर फ्रोझन फळ खा, चॉंग आणि वाइन दोन्ही टाळा. काही गोळ्या चालू असतील तर वाळवलेलं औषधी फळ स्वतःच्या मनाने उकळून घेऊ नका, वैद्याला विचारा.

जायचं कसं, तर गाडी असेल तर सगळ्यात सोपं, पश्चिम किनाऱ्याचा सोहेआन एक्सप्रेसवे, सॉनुनसान नावाचीच एक्झिट आहे. गाडी नसेल तर सोलच्या होनाम लाइन टर्मिनलवरून गोचांगची थेट बस, तीन तासांच्या थोडं वर. गोचांगला रेल्वे स्टेशन नाही, केटीएक्स या वेगवान रेल्वेने यायचं तर जॉंगुपला उतरून पुढे बस. गावातून मंदिराकडच्या बस कमी आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. वेळ असेल तर गोचांगचे डोलमेन म्हणजे प्राचीन दगडी थडगी बघा, युनेस्कोच्या यादीत आहेत, शेतांच्या मधे टेकडीच्या उतारावर शेकड्यांनी पसरलेली.

भारतात न्यायचं विचारणाऱ्यांसाठी, एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी फ्री चालते, तेवढ्यात लहान बाटल्या पाच बसतात, चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून. फ्रोझन फळाचा विचारच करू नका. पुण्याला चुलत भावाला कमी गोडवाली दिली होती, त्याने उघडून दोन महिने तशीच ठेवली आणि मग चव गेली म्हणून फोन केला, तर उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा.

घरी करायचं असेल तर चॉंगपासून सुरुवात करा. फळ आणि साखर वजनाने समसमान, स्वच्छ कोरड्या काचेच्या बरणीत थर देऊन, वर साखरेचा जाड थर, रोज एकदा हलवायचं म्हणजे तळाची साखर विरघळते, आणि झाकण अगदी घट्ट लावायचं नाही कारण आंबून गॅस होतो. तीन महिन्यांनी गाळून फ्रीजमध्ये. दारूत मुरवायची असेल तर मार्टमध्ये जूनपासून मोठ्या प्लास्टिक बरण्यांत मुरवण्यासाठीची खास सोजू येते, तीस किंवा पस्तीस टक्क्यांची, साधी हिरव्या बाटलीतली वापरू नका, ती पातळ पडते आणि फळ खराब होतं. तीन महिन्यांनी फळ काढून टाका नाहीतर बियांचा कडवटपणा उतरतो. ऑर्डर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात देऊन ठेवा, चांगल्या शेतकऱ्यांकडचं पहिल्या तोडणीचं फळ लवकर संपतं आणि पाऊस पडल्यानंतरच्या तोडणीला तेवढी गोडी राहत नाही.